एका भिंतीच्या दोन चुली

१

सोलापुरात शेकायची हौस कुणाला असेल हो? इथं होळीच्या आधीच माणूस पापडासारखा भाजून निघतो आणि वर म्हणतो, अजून उन्हाळा लागायचाय. पण गोरा साहेब इथं आला तो आपली चूल बरोबर घेऊनच आला. मिलच्या मॅनेजरचा बंगला असो नाहीतर रेल्वेच्या साहेबाचा, भिंतीला टेकून एक संगमरवरी चूल असायचीच. पांढरेशुभ्र कोरीव खांब, वर रुंद फळी, मध्ये माणूस मावेल एवढं काळं तोंड आणि खाली दगडी फरशी. पेटवायचं नाव नाही, नुसतं बघायचं. पुढं साहेब गेला, चूल तेवढी राहिली. मग कुणी तिच्यात देव मांडले, कुणी चपला ठेवल्या, एका वकिलानं तर कुत्रं बांधलं.

या साहेबी चुलींना हैदराबाद-पुण्याकडं गिऱ्हाईक आहे, हे सोलापुरात सगळ्यात आधी कळलं ते रेवणप्पाला. हे तो स्वतःच सांगायचा. सांगून झालं की चहाचा एक घोट घ्यायचा, रस्त्यापलीकडच्या दुकानाकडं मान उडवायचा आणि म्हणायचा, "आन त्येला शिकवलं कुणी? मीच की!"

तो म्हणजे गुरुराज. रेवणप्पाच्या बायकोच्या, महादेवीच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. साडू. आता साडू हे नातंच असं, की सख्ख्या भावाला जे माफ होतं ते साडूला होत नाही. सासुरवाडीत दोघांची ताटं शेजारी लागतात आणि प्रत्येकाचा एक डोळा दुसऱ्याच्या वाटीत असतो. गुरुराज वयानं लहान, बोलायला गोड, आणि रेवणप्पाला "अण्णा" म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही. रेवणप्पाला त्याचा राग यायचा तो याचाच. शिव्या देणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

रोज सकाळी रेवणप्पा मंगळवार पेठेतलं दुकान उघडायचा, पाणी शिंपडायचा, कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायचा, उदबत्ती लावायचा आणि मग पलीकडं बघायचा. याच्याकडं पत्र्याचं शटर, गंजलेले तराजू, फुटक्या हंड्या-झुंबरं. पलीकडं गुरुराजचं शोरूम, पुढं काच, आत एसी, वर इंग्रजी पाटी, दाराला किणकिणणारी पितळी घंटा. त्या काचेत आज नवं काय आलंय हे बघितल्याशिवाय रेवणप्पाला चहा गोड लागायचा नाही, आणि बघितल्यावर तर मुळीच नाही.

जुनी चूल खरी कुठली आणि मागनं घडवलेली नक्कल कुठली, हे ओळखायची रेवणप्पाची एक रीत होती. टेप काढायचा नाही. आत शिरायचं आणि मांडी घालून बसायचं. पाठ मागच्या भिंतीला आणि दोन्ही गुडघे दोन्ही खांबांना लागले की चूल खरी. नकली चुलीत गुडघा आखडावा लागतो. लोक हसायचे, पण ही रीत कधी चुकली नव्हती. गुरुराजलाही त्यानं हीच शिकवली होती. गुरुराज मात्र कधी आत बसला नाही. तो बाहेरनं मोबाईलवर फोटो काढून मोकळा व्हायचा, आणि तरी फसायचा नाही.

२

होटगी रस्त्याच्या अंगाला बंद पडलेल्या एका मिलचा बंगला पाडायला काढलाय, ही बातमी रेवणप्पाला लागली आणि तो रिक्षा करून धावला. फाटकात गुरुराजचा टेम्पो उभा होता. त्यात गोधड्यांत गुंडाळून एक संगमरवरी चूल चढवलेली.

"या अण्णा," गुरुराज म्हणाला, "उशीर केलासा. पण काळजी नगा करू. आत दुसरी हाय. एकाच भिंतीच्या दोन्ही, एक दिवाणखान्यात, एक जेवणघरात, पाठीला पाठ. धुराडं वर एकच. मी म्हटलं, एक अण्णांना राहू दे."

राहू दे! जणू पंगतीत उरलेली पोळी. रेवणप्पानं टेम्पोतल्या गोधडीचा कोपरा उचलून बघितला. फळीखाली द्राक्षांचे घोस कोरलेले होते, एकेक द्राक्ष तोंडात टाकावंसं वाटेल असं. मग तो जेवणघरात गेला. दगड तोच, माप तेच, खांब तेच. फक्त फळीखाली द्राक्षं नव्हती. तिथं साधी सपाट पट्टी होती.

बंगल्याची राखण करणारी कमलम्मा दारात उभी होती. म्हातारी, डोक्यावरनं पदर, हातात केरसुणी. रेवणप्पानं नेहमीसारखं धोतर सावरलं आणि चुलीत शिरून मांडी घातली. गुडघे लागले. पाठ लागली. डोक्यावर बोटभर जागा उरली, ना कमी ना जास्त. इतक्या चुलींत तो बसला होता, पण अशी अंगावर बेतल्यासारखी एकही बसली नव्हती. खाली फरशीवर मऊ पांढऱ्या राखेचा थर होता. रेवणप्पाचा हात आपोआप गेला. तीन बोटं राखेत, तीन बोटं कपाळावर. जन्मभराची सवय, देवघरापुढं बसल्यावर हात जातो तसा गेला.

दारातनं गुरुराज खो-खो हसला. "अण्णा! ती इभूत न्हवं, साहेबाची राख हाय!"

हमालही हसले. कमलम्मा तेवढी हसली नाही.

"साहेबाची कुटली?" ती म्हणाली. "कवा पेटवलीच न्हाई ती. माझी आई हितं झाडलोट करायची, तवापास्नं बघतेय. पेटवली न्हाई, पर राख मातर रोज भरून टाकायला लागायची."

"कसली राख?" रेवणप्पानं विचारलं.

"आता त्ये मला काय ठावं? तुमी उठा की आदी. आमच्या शेजारचे अप्पा गेले, तवा त्यास्नी असंच बसवलं हुतं. बघवत न्हाई."

बोलली ते खरंच होतं. रेवणप्पाच्या समाजात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, आणि खड्ड्याच्या पोटात कोरलेल्या कोनाड्यात तसंच बसतं ठेवतात. रेवणप्पाला हे ठाऊक नव्हतं थोडंच? वडिलांना त्यानं आपल्या हातानं बसवलं होतं. पण त्या घडीला त्याच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. द्राक्षं त्याच्या चुलीला का आणि माझ्या चुलीला का नाहीत, एवढंच होतं.

३

चूल दुकानात आली. मागच्या कोऱ्या भिंतीला टेकवून उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शिंपडून झालं, रेवणप्पानं उदबत्ती लावली आणि तो हात जोडून उभा राहिला. उदबत्तीचा धूर रोज सरळ पत्र्याकडं जायचा. आज तो हातभर वर गेला, थबकला, आडवा झाला आणि चुलीच्या काळ्या तोंडात शिरला. शिरला तो शिरलाच. बाहेर काही आला नाही.

रेवणप्पा वाकून बघायला लागला. आत भिंत. हात लावून बघितला, भिंतच. वर हात घातला, वरही भिंतच, धुराडं बंगल्यातच राहिलेलं. तो बाहेर पडला आणि वळसा घालून मागच्या बाजूला गेला. मागं एटीएमची खोली. तिथं ना भोक ना भेग, नुसता गारठा आणि रांगेत दोन माणसं. एसीनं हवा ओढली असेल, त्यानं मनाशी म्हटलं. आता एसी भिंतीपलीकडनं हवा कशी ओढेल, हे त्यानं मनाला विचारलं नाही.

चुलीतल्या फरशीवर मूठभर पांढरी राख पडली होती. बंगल्यातनं आणताना फरशी धुऊन आणली होती. उदबत्तीची असेल, म्हणून त्यानं फडक्यानं पुसायला घेतली, आणि पुसायच्या आधी हात आपोआप कपाळाला गेला. राख गार लागली.

मग त्याला आवाज आला. आधी नुसता वारा, उंच धुराड्यात घुमतो तसा. त्यानं डोकं आत घातलं. घंटा किणकिणली. आणि अगदी कानाशी, "या मॅडम, बसा. पाणी घ्या," गुरुराजचा आवाज.

रेवणप्पानं मान वळवून रस्त्यापलीकडं बघितलं. काचेआड, द्राक्षांच्या चुलीशेजारी, गुरुराज एका बाईंपुढं खुर्ची सरकवत होता. त्याचे ओठ हलत होते. ओठ तिकडं हलत होते आणि शब्द इकडं चुलीतनं येत होते. मध्ये अख्खा रस्ता, रिक्षा, हातगाडे, कांद्यावरनं भांडणाऱ्या बाया.

दुसरा कुणी असता तर चूल त्याच दिवशी उकिरड्यावर टाकून मोकळा झाला असता. रेवणप्पानं शटर अर्धं खाली ओढलं, स्टूल घेतलं आणि कान लावून बसला.

४

खरं सांगायचं तर पुढचे दिवस रेवणप्पाच्या आयुष्यातले सोन्याचे. गुरुराज फोनवर बोलला की बार्शीला एका अडत्याच्या घरी जुना विलायती आरसा आहे, दुपारी बघायला जातोय. रेवणप्पा सकाळच्या पहिल्या एसटीनं बार्शीला. गुरुराज पोचला तोवर आरसा रेवणप्पाच्या दुकानात लागलासुद्धा. त्या संध्याकाळी रेवणप्पानं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले आणि एक पेढा मुद्दाम रस्ता ओलांडून गुरुराजच्या हातावर ठेवला.

"नशीब लागतं, गुरुराज," तो म्हणाला.

"तुमचं हायच की अण्णा," गुरुराज म्हणाला आणि पेढा खाल्ला. चिडलासुद्धा नाही मेला.

लवकरच रेवणप्पाला कळलं की स्टुलावर बसून ऐकण्यापेक्षा आत मांडी घालून बसलं की जास्त स्वच्छ ऐकू येतं. भर उन्हाळा. दुपारी बाजार झोपतो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. रेवणप्पा शटर ओढून घ्यायचा, सकाळच्या राखेची तीन बोटं कपाळाला लावायचा आणि आत बसायचा. गुडघे खांबांना, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. बाहेर डांबर वितळत असायचं आणि दगड मात्र माठासारखा गार. गुरुराज कुणाशी काय बोलतो, किती हसतो, गिऱ्हाईक त्याची किती वाहवा करतं, सगळं ऐकायचं. ऐकून जीव जळायचा आणि तो जळल्याशिवाय चैनही पडायचं नाही. माणसाची खोड वाईट, दुखरा दात तो जिभेनं चाचपतच राहतो.

महादेवी डबा घेऊन यायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याची वाटी. कानडी घरातली ती, नवऱ्याला "री" म्हणून हाक मारायची.

"री, शटर का लावलंय? जेवलासा का?"

"ठेव तितं. जेवतो."

संध्याकाळी डबा तसाच घरी जायचा. "आरशात बघा जरा," ती एकदा म्हणाली. "गालफडं बसली, अंगाची काडी झालीय. आन ही कपाळाची इभूत आंघोळीनंसुद्धा निघत न्हाय, कसली लावायलासा? गुरुराजला बघा, कसा वेळेवर जेवतो, माझी बहीण सांगत हुती—"

"गुरुराज, गुरुराज!" रेवणप्पा असा ओरडला की शेजारचा पानवाला डोकावला. "लगीन त्येच्याशीच करायचं हुतंस!"

 महादेवीनं डबा ठेवला, डोळ्याला पदर लावला आणि गेली.

५

पहिल्या दिवशी चुलीतनं ऐकल्या त्या मॅडम, हैदराबादच्या, पुन्हा आल्या त्या दुपारी रेवणप्पा आतच होता. जुन्या धर्तीचं मोठं हॉटेल बांधत होत्या त्या.

"मला जोडीच हवी," मॅडम म्हणत होत्या. "मुख्य दालनात समोरासमोर. आणि खाली पितळी पाटी लावणार आम्ही, कुणी शोधून दिली त्याच्या नावाची."

"जोडी हाय की मॅडम," गुरुराज म्हणाला. "पण दुसरी समोरच्या दुकानात हाय. आमचे अण्णा. ह्यो धंदा मी त्येंच्याकडनंच शिकलो. त्येंच्याएवढी नजर सोलापुरात कुणाला न्हाय."

लबाड, रेवणप्पा मनात म्हणाला, गिऱ्हाइकापुढं मोठेपणा मिरवतोय. आणि त्याला ती पाटी दिसायला लागली. पितळेची, चकचकीत, हैदराबादच्या दालनात, तिच्यावर गुरुराजचं नाव. अख्खा जन्म ज्या दगडामागं घालवला, त्याच्यावर नाव साडूचं.

संध्याकाळी गुरुराज आला. "अण्णा, दोघांची नावं घालू. वर तुमचं, खाली माझं."

"तुजी मला देऊन टाक. मग एकच नाव पुरतं."

"तसं कसं अण्णा? द्राक्षाची चूल माझा जीव हाय."

"मग माझीबी माझाच जीव हाय," रेवणप्पा म्हणाला. "जोडी होईल तर ह्या दुकानात होईल. न्हायतर माझ्या जिवात जीव हाय तवर होणार न्हाय."

महादेवीनं घरी हात जोडून सांगितलं, की विकून टाका एकत्र, दोन बहिणींच्या घरात दगडापायी विष नको. रेवणप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करून झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुराज लग्नाला म्हणून गावाला गेला होता. शोरूमला कुलूप. तरी रेवणप्पा सवयीनं चुलीत बसला. घंटा नाही, बोलणं नाही, एसीची घरघर नाही. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की पलीकडं कुणीतरी श्वास घेतंय. सावकाश, नाकातनं, मांडी घालून बसलेला माणूस घेतो तसा. त्यानं आपला श्वास रोखला. पलीकडचाही थांबला. त्यानं सोडला, पलीकडचाही सुटला. माझाच घुमतोय, दुसरं काय, रेवणप्पानं मनाची समजूत घातली. आणि पुन्हा रोखून बघितला. थांबला. बरं वाटलं. मग त्यानं श्वास सोडायच्या आधीच पलीकडच्यानं सोडला.

६

चार-आठ दिवसांत गुरुराज आपणहून दुकानात आला. तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली. स्टुलावर बसला, पाणी मागून प्याला आणि चुलीकडं पाठ होईल असं स्टूल फिरवलं.

"अण्णा, एक विचारू? रागावू नगा. दुपारी तुमी माझ्या चुलीत का बसता?"

रेवणप्पाला आधी वाटलं, चोरी पकडली. "तुझ्या? मी माझ्या दुकानात असतो. महादेवीला विचार."

"त्येच की. मी इकडं बघतो तर तुमचं शटर ओढलेलं. आन तिकडं माझ्या चुलीत तुमी. सुरवातीला नुसते गुडघे दिसायचे, खांबांना टेकलेले. म्हटलं, सावली असंल. मग हात दिसले. मग धोतर. मग कपाळावरची तीन बोटं. डोळे मिटून, आपल्यात गेलेल्या माणसाला बसवतात तसं. तुमी लहान भावासारखं वागवलंत मला, मी कसं सांगू कुणाला?" त्यानं स्टूल आणखी दाराकडं सरकवलं. "हाक मारली तर हालत न्हवता. काल डोळे उघडलेत, अण्णा."

"मग? मीच हुतो न्हवं?"

"तुमीच. पण..." गुरुराजनं रेवणप्पाच्या बसलेल्या गालफडांकडं, बाहेर आलेल्या गळ्याच्या हाडांकडं बघितलं. "तुमच्यापरास बरे दिसत हुता. अंगानं भरलेले."

रेवणप्पाच्या पाठीतनं एक गार रेघ गेली, हे खोटं कशाला सांगा. पण ती कंबरेपर्यंत पोचते न पोचते तोच डोकं चालायला लागलं. हा भीती घालतोय. मला घाबरवून माझी चूल घशात घालायची आणि पितळी पाटी मिरवायची, हे ह्याचं डोकं.

"म्हणून काय माझी तुला देऊ?" तो म्हणाला.

"न्हाय, न्हाय!" गुरुराज उठला, वाकला आणि चक्क त्याच्या पायाला हात लावला. "माझी तुमी घेऊन जा. आजच न्या. काय द्यायचं न्हाय, पाटीवरबी तुमचंच नाव. फकस्त दोन्ही हैदराबादला धाडा, दुकानात ठेवू नगा. आन अण्णा, आत बसू नगा हो परत."

रेवणप्पा पायाशी वाकलेल्या साडूच्या डोक्याकडं बघत राहिला. या घडीची त्यानं किती वर्षं वाट बघितली होती. त्याला वाटलं होतं, अशा वेळी छाती भरून येईल. आलीही थोडी. पण एवढ्या सहज दिली म्हणजे हिच्यात काही खोट तर नसेल, ही शंका लगेच पाठोपाठ आली.

७

द्राक्षाची चूल त्याच दिवशी रस्ता ओलांडून आली. रेवणप्पानं ती आपल्या चुलीच्या बरोबर समोर, पलीकडच्या भिंतीला उभी केली. मॅडमना फोन केला. ट्रक उद्या येणार होता. म्हणजे आजची एक दुपार दोन्ही चुली त्याच्या, त्याच्या एकट्याच्या, एका छपराखाली.

खरं म्हणजे नव्या चुलीची परीक्षा करायची होती, गुडघे टेकवून बघायचे होते. पण त्याला आधी ती डोळे भरून बघायची होती, आणि बघायला सोयीची जागा समोरच होती. त्यानं शटर ओढलं, राख कपाळाला लावली आणि आपल्या नेहमीच्या चुलीत मांडी घालून बसला. फटीतनं उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि नेमकी द्राक्षांवर पडली होती. काय काम होतं हो! पाटीवर आता एकच नाव. रेवणप्पानं समाधानानं डोळे मिटले.

ऐकायला काही नव्हतं. ऐकू येणार तरी कुणाचं? दोन्हीकडं तोच. थोड्या वेळानं श्वास आला. सावकाश, नाकातनं. रेवणप्पानं आपला रोखला. पलीकडचा थांबला नाही.

त्यानं डोळे उघडले.

समोरच्या काळ्या तोंडात दोन गुडघे होते, खांबांना टेकलेले. मग अंधार जरा निवळला तसं धोतर दिसलं, मांडीवरचे हात, कपाळावरची तीन बोटं. भरलेले गाल, तुकतुकीत कातडी. दहा वर्षांपूर्वी रेवणप्पा दिसायचा तसा. आणि आता हसू नका, पण रेवणप्पाच्या मनात भीतीच्या आधी एकच विचार आला, की द्राक्षांखाली तो बसलाय आणि साध्या चुलीत मी.

मग त्याला ती नजर दिसली. समोरचा त्याच्याकडं बघत होता. अंगावरचं धोतर, हातातली अंगठी, भिंतीवरचा बार्शीचा आरसा, शटरच्या फटीबाहेरचा रस्ता, एकेक वस्तू बघून पुन्हा त्याच्याकडं. ही नजर रेवणप्पाला चांगली ठाऊक होती. रोज सकाळी चहाच्या आधी तो रस्त्यापलीकडं बघायचा, ती हीच.

बाहेर चपला वाजल्या. शटर खडखडलं. महादेवी डबा घेऊन आत आली.

"री, उठा आता. आज तरी जेवा, तुमच्या पाया पडते."

रेवणप्पानं तोंड उघडलं.

"आलो की," समोरनं उत्तर आलं.

समोरचे गुडघे खांबांपासून सुटले. तो वाकून बाहेर आला, धोतर झटकलं आणि उभा राहिला. रेवणप्पानं उठायला जोर लावला. पाठ भिंतीला होती, दोन्ही गुडघे दोन्ही खांबांना होते, आणि चूल खरी होती.

महादेवीनं डबा सोडला. बाहेर आलेल्यानं बैठक मारली, भाकरी मोडली, चटणीवर तेल मागितलं. दुसरी भाकरी मागितली. तिसरीही. महादेवीचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू. किती दिवसांनी नवरा तिच्या हातचं जेवत होता, वर "झकास झालीय गं" म्हणत होता. ती पदरानं वारा घालायला लागली. रेवणप्पा बघत होता. त्याच्या भाकरीचा एकेक घास दुसऱ्याच्या तोंडात जात होता, आणि आयुष्यात गुरुराजचासुद्धा त्याला एवढा हेवा वाटला नव्हता. महादेवीनं दह्याची वाटी पुढं केली, तेव्हा रेवणप्पानं सगळा जीव एकवटून तिला हाक मारली.

महादेवीनं मान वळवली. उठली, चुलीपाशी आली, वाकली. तिचं तोंड अगदी त्याच्या तोंडासमोर आलं. डोळे थेट त्याच्यावर.

"अगं बया," ती म्हणाली, "केवढी राख साचलीय ही!"

"रोजचीच हाय," मागनं जेवणारा म्हणाला. "टाक भरून."

आणि ती कोपऱ्यातली केरसुणी आणायला गेली.